मेंदूचा गंज, हरिपूरची पेवं आणि अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या

कृष्णाकाठ
सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यांत, हळद का टिकायची हे सांगलीकरांना सांगायला नको. तोंड लिंपलं की आतला प्राणवायू संपतो आणि कीड जगत नाही. याच कारणासाठी पेव उघडल्यावर कोणी लगेच आत उतरत नाही. हळद राखणारी ती हवा माणसाचा मेंदू काही मिनिटांत निकामी करते. पुढची गोष्ट मात्र फारशी बोलली जात नाही. गुदमरलेल्या माणसाला बाहेर काढून पुन्हा प्राणवायू मिळाला की नुकसानीचा दुसरा टप्पा सुरू होतो, आणि तो त्या परत आलेल्या प्राणवायूमुळेच होतो. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात तो हा. मेंदूचा झटका (पक्षाघात), डोक्याला मार, पार्किन्सन, अल्झायमर या सगळ्यांत तो वेगवेगळ्या रूपांत भेटतो.

धागा काढायचं कारण असं, की सध्या औषधाच्या दुकानांत आणि प्रदर्शनांत "मेंदूचा गंज काढणारी" हळदीची नि द्राक्षबियांची कॅप्सूल जोरात खपते आहे. झटका येऊन गेलेल्या माणसाच्या घरचे त्यावर महिन्याला हजारो रुपये घालतात. म्हणून आधी रसायन नीट मांडते.

मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण प्राणवायू तो २० टक्के वापरतो. त्याच्या पेशींच्या आवरणात असंपृक्त मेद भरपूर, म्हणजे खवट व्हायला सगळ्यात सोपा मेद. लोह आहे. आणि यकृताच्या मानाने कॅटॅलेज, म्हणजे पेरॉक्साइड मोडणारं विकर (एन्झाइम), फारच थोडं. मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रांत, प्राणवायू वापरला जाताना थोडे इलेक्ट्रॉन निसटतात आणि सुपरऑक्साइड हे प्राणवायूचं आक्रमक रूप तयार होतं. एसओडी (सुपरऑक्साइड डिसम्युटेज) हे विकर त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं (हे विकर १९६९ मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी दाखवलं). पेरॉक्साइडचं पाणी करायचं काम मेंदूत मुख्यतः ग्लुटाथायोन या पेशीतल्या अँटिऑक्सिडंटवर चालणाऱ्या विकरांकडे असतं. ते कमी पडलं आणि आसपास मोकळं लोह असलं, की फेंटन अभिक्रियेने हायड्रॉक्सिल रॅडिकल बनतं. त्याला थोपवणारं कोणतंही विकर नाही. जिथे तयार होतं तिथेच, समोर येईल त्या रेणूवर ते तुटून पडतं. "गंज" हा शब्द त्यामुळे अगदीच चुकीचा नाही, लोह त्यात खरोखरच आहे. मात्र लोखंडावरचा गंज घासून निघतो. इथे आवरणातल्या मेदाची साखळी तुटलेली असते, ती घासून जोडता येत नाही.

झटक्यात दोन वार होतात. रक्त थांबलं की ऊर्जा संपते, ग्लुटामेट हे मेंदूतलं निरोप नेणारं रसायन बाहेर सांडतं, पेशीत कॅल्शियम घुसतं आणि मायटोकाँड्रियात सक्सिनेट हे इंधनद्रव्य साठत जातं. रक्त परत आलं की ते साठलेलं सक्सिनेट भराभर जळतं, इलेक्ट्रॉन उलट्या दिशेने मायटोकाँड्रियातल्या इलेक्ट्रॉन-साखळीच्या पहिल्या कॉम्प्लेक्सकडे ढकलले जातात आणि पहिल्या काही मिनिटांतच सुपरऑक्साइडचा लोंढा सुटतो. २०१४ मध्ये हे स्पष्टपणे दाखवलं गेलं. ही मिनिटं लक्षात ठेवा, गोळ्यांचा सगळा हिशेब तिथेच चुकतो.

अतिदक्षता आणि प्रयोगशाळेतल्या मंडळींनी भर घालावी.

रात्रपाळी
चांगला धागा. रुग्णाच्या खाटेजवळ हे सगळं एका प्रश्नावर येतं: प्राणवायू किती द्यायचा?

झटक्याचा रुग्ण आला की नाकाला नळी लावायची, ही सवय अजून सुटत नाही. २०१७ मध्ये आलेल्या ८ हजारांवर रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीत, प्राणवायू कमी नसलेल्यांना मिनिटाला २-३ लिटर तीन दिवस देऊनही काही फायदा दिसला नाही. बोटावरचं प्राणवायू मोजणारं यंत्र (पल्स ऑक्सिमीटर) ९४ च्या वर दाखवत असेल तर नळी नको. ९४ च्या खाली असेल तर लागेल तेवढाच द्या आणि आकडा ९४ ते ९८ मध्ये ठेवा. सारखा १०० दिसत राहिला म्हणून समाधान मानू नये. १०० च्या पुढे रक्तात प्राणवायू किती चढला आहे ते हे यंत्र सांगूच शकत नाही.

डोक्याला मार लागलेल्यांत मात्र कमतरता एकदाही परवडत नाही. हायवेवरचा अपघात, कराडपर्यंत अर्धा तास, आणि त्या अर्ध्या तासात प्राणवायू ९० च्या खाली गेला किंवा वरचा रक्तदाब ९० च्या खाली गेला, तर मृत्यूचा धोका कित्येक पटींनी वाढतो. तिसरी चूक श्वास देणारा फुगा दाबताना होते. घाईघाईत मिनिटाला २५-३० वेळा दाबला जातो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच उपाशी असलेला भाग आणखी उपाशी पडतो. मोठ्या माणसाला मिनिटाला १० वेळा, म्हणजे ६ सेकंदांनी एकदा. मोठ्याने आकडे मोजत दाबा, नाहीतर हात आपोआप पळतो.

पेवाचा विषय निघालाच आहे म्हणून: आत कोणी बेशुद्ध पडला तर दोर आणि बाहेर माणसं असल्याशिवाय दुसऱ्याने उतरू नये. अशा जागी मदतीला उतरलेला माणूसही तिथेच कोसळतो. बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर छाती दाबणं आणि श्वास देणं दोन्ही करा, कारण मूळ अडचण श्वासाचीच आहे. हृदय पुन्हा सुरू होईपर्यंत प्राणवायू १०० टक्के. सुरू झालं आणि यंत्राचा आकडा विश्वासाने वाचता येऊ लागला की उतरवत आणायचा.

माणगंगा
कृष्णाकाठताई, माझं औषधाचं दुकान आटपाडी भागात आहे. झटक्याच्या रुग्णाची चिठ्ठी आली की सिटिकोलीन, एडाराव्होन आणि एखादी अँटिऑक्सिडंट कॅप्सूल, हे तीन असतातच. यातलं कशाला किती वजन द्यायचं?

कृष्णाकाठ
माणगंगा, क्रमाने सांगते. थोडं लांबेल.

मेंदूच्या इजेवर अँटिऑक्सिडंट द्यायचे प्रयत्न १९८० च्या दशकापासून चालू आहेत आणि बहुतेक फसले. डोक्याच्या मारासाठी एसओडीलाच पॉलिमर जोडून टोचून पाहिलं, १९९६ मध्ये निकाल आला, फरक नाही. मेदाचं खवटणं थांबवतं म्हणून मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टिरॉइडवर मोठी भिस्त होती. २००४ च्या क्रॅश चाचणीत १० हजार रुग्णांत त्याने दोन आठवड्यांतले मृत्यू १७.९ टक्क्यांवरून २१.१ टक्क्यांवर नेले. डोक्याच्या माराला स्टिरॉइड द्यायचं नाही, हे तेव्हापासून पक्कं आहे. तरीही कुठे चिठ्ठीवर दिसलं तर दुकानदाराने डॉक्टरांना फोन करून विचारण्यात गैर काही नाही.

सगळ्यात मोठा धडा एनएक्सवाय-०५९ या रॅडिकल पकडणाऱ्या, झटक्यासाठीच्या औषधाचा. उंदरांत उत्तम, २००६ च्या पहिल्या मोठ्या चाचणीत थोडा फायदा, आणि २००७ मध्ये ३ हजारांहून जास्त रुग्णांवर पुन्हा पाहिलं तर शून्य. कारणं शोधली गेली. औषध मेंदूच्या रक्तपडद्यातून फारच थोडं आत जात होतं. उंदराला ते गुठळीनंतर लवकर मिळालं होतं, माणसाला मिळेपर्यंत सहा तास झालेले असू शकत होते. वर म्हटलेला लोंढा पहिल्या मिनिटांतला. नंतर जे चालू राहतं ते सूज आणि प्रतिकारपेशींचं काम, त्याची यंत्रणा निराळी.

एडाराव्होन यातला एकटा टिकलेला. जपानमध्ये २००१ पासून झटक्यासाठी मान्य आहे: २४ तासांच्या आत सुरू करून ३० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी अर्ध्या तासात शिरेतून, जास्तीत जास्त १४ दिवस. एएलएस या स्नायू वाळवणाऱ्या आजारासाठी अमेरिकेने ते २०१७ मध्ये मान्य केलं. मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो म्हणून आधी आणि मध्ये क्रिएटिनिन बघायलाच हवं. झटक्यात गुठळी विरघळवण्याची जागा ते घेऊ शकत नाही. सिटिकोलीनच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल २०१२ मध्ये आले, एक झटक्याची, एक डोक्याच्या माराची. दोन्हींत फायदा नाही.

जुनाट आजारांतही असंच चित्र. पार्किन्सनमध्ये मेंदूच्या काळ्या भागात ग्लुटाथायोन खरोखर कमी झालेलं सापडतं. तरी जीवनसत्त्व ई दिवसाला २००० युनिट देऊन आजार हटला नाही, कोएन्झाइम क्यू१० २४०० मिलिग्रॅमपर्यंत देऊनही नाही. अल्झायमरमध्ये २०१४ च्या एका चाचणीत जीवनसत्त्व ई ने रोजची कामं करण्याची क्षमता थोडी जास्त टिकली, स्मरणशक्तीत फरक नाही. आणि हेच जीवनसत्त्व ई रक्तस्रावी झटक्याचं प्रमाण वाढवतं. उच्च रक्तदाबाच्या माणसाला ४०० युनिटची कॅप्सूल "शक्तीची" म्हणून देताना हे डोळ्यांसमोर ठेवा.

आणखी एक. पेरॉक्साइड हे नुसतं विष नाही, पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठीही ते थोड्या प्रमाणात वापरतात. सरसकट सगळं विझवायला गेलं तर ते कामही बिघडतं. म्हणून प्रश्न कुठे आणि केव्हा हा आहे, किती हा त्यानंतरचा.

तुमच्या चिठ्ठीचं उत्तर: तिसऱ्या कॅप्सूलचे पैसे वाचवून घरी रक्तदाब मोजायचं यंत्र घ्यायला सांगा.

बेदाणा
तासगाव भागातल्या बागायतदारांसाठी या विषयाची दुसरी बाजू महत्त्वाची आहे. द्राक्षबागेत दोन ओळींमधलं तण जाळायला पॅराक्वाट सर्रास वापरतात, २४ टक्क्यांचं. ते तण मारतं कसं? पानात सुपरऑक्साइड तयार करून. म्हणजे ताईंनी वर सांगितलेलीच अभिक्रिया. याचा मेंदूशी संबंध किती पक्का?

रात्रपाळी
संबंध आहे. पॅराक्वाटचा रेणू पेशीतला इलेक्ट्रॉन घेतो, प्राणवायूला देतो आणि पुन्हा रिकामा होऊन पुढचा घ्यायला तयार. एकच रेणू हे चक्र पुन्हा पुन्हा फिरवतो, त्यामुळे थोड्या मात्रेत मोठं नुकसान होतं. पोटात गेलं तर पहिला घाला मूत्रपिंड आणि फुप्फुसावर. मेंदूत ते हळूहळू, अमिनो आम्लांच्या वाटेने शिरतं. २०११ च्या अमेरिकी शेतकऱ्यांच्या अभ्यासात पॅराक्वाट किंवा रोटेनोन हे कीटकनाशक हाताळणाऱ्यांत पार्किन्सनचं प्रमाण सुमारे अडीच पट दिसलं. पुढच्या विश्लेषणात हातमोजे वापरणाऱ्यांत हा संबंध उरला नाही, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. नायट्राइलचे, मनगटाच्या वर येणारे हातमोजे घ्या. कापडी मोजे औषध शोषून कातडीला चिकटवून ठेवतात, ते नसण्यापेक्षा वाईट. गळक्या पंपाची पाठीवरची बाजू आधी तपासा, भिजलेला सदरा लगेच बदला. आणि थंड पेयाच्या बाटलीत हे औषध कधीही काढून ठेवू नका.

पोटात गेल्याचा संशय असेल तर मीठपाणी पाजून उलटी करवू नका. औषध दाहक आहे, अन्ननलिका दुसऱ्यांदा जळते. पहिल्या तासा-दोन तासांत सक्रिय कोळसा, किलोला १ ग्रॅम, आणि लगेच मोठं रुग्णालय. लघवीची चाचणी अगदी साधी आहे: ५ मिलि लघवीत चिमूटभर खाण्याचा सोडा आणि चिमूटभर सोडियम डायथायोनाइट. निळा रंग आला की पॅराक्वाट. डायथायोनाइट उघड्या डब्यात खराब होतं, मग चाचणी खोटी नकारार्थी येते. म्हणून सोबत पॅराक्वाट घातलेला माहितीचा नमुनाही तपासायचा. आणि इथे प्राणवायू अगदी हात राखून. चक्राला इंधन तोच पुरवतो, फुप्फुसाचं नुकसान वाढतं. रक्तातली कमतरता गंभीर झाल्याशिवाय नळी लावत नाहीत.

माणगंगा
मग बाथरूममधल्या गॅस गिझरच्या केसमध्ये उलट का? तिथे तर भरपूर प्राणवायू देतात.

रात्रपाळी
तिथे कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला घट्ट धरून बसलेला असतो आणि त्याला हटवायचं साधन प्राणवायू हेच आहे. साध्या हवेत तो निम्मा व्हायला सुमारे ५ तास लागतात, १०० टक्के प्राणवायूवर तासा-सव्वा तासात काम होतं. म्हणून पिशवीचा मास्क, घट्ट बसवलेला. यात बोटावरच्या यंत्रावर विसंबू नका, मोनॉक्साइडने भरलेलं हिमोग्लोबिनही त्याला लालच दिसतं आणि बेशुद्ध माणसाचा आकडा ९९ येतो. शुद्धीवर आलेल्यांपैकी काहींना दोन-चार आठवड्यांनी विसराळूपणा, चालीत संथपणा, चिडचिड सुरू होते. मेदाचं खवटणं आणि त्यामागून येणारी दाह-प्रक्रिया हे त्याचं एक कारण मानलं जातं. घरच्यांना घरी सोडतानाच हे सांगून ठेवावं.

अजिंक्यतारा
साताऱ्या-कराडकडे फार्मसीच्या प्रबंधांत "मेंदूतला एमडीए कमी झाला" हे वाक्य दरवर्षी येतं. एमडीए म्हणजे मॅलॉनडायअल्डिहाइड, मेद खवटल्यावर उरणारा पदार्थ. ते मोजतात कसं आणि कुठे फसतं, ते लिहितो. हळदीचे बहुतेक दावे याच आकड्यावर उभे आहेत.

१९७९ ची ओकावा यांची पद्धत. उंदराचा मेंदू बर्फावर, १ ग्रॅमला ९ मिलि या हिशेबाने १.१५ टक्के पोटॅशियम क्लोराइडमध्ये घोटायचा. त्यातले ०.२ मिलि, ८.१ टक्के एसडीएस (साबणासारखं द्रव्य) ०.२ मिलि, २० टक्के अॅसेटिक आम्ल (पीएच ३.५) १.५ मिलि, ०.८ टक्के थायोबार्बिट्युरिक आम्ल १.५ मिलि, पाण्याने एकूण ४ मिलि. ९५ अंशांवर एक तास. थंड करून १ मिलि पाणी आणि ५ मिलि ब्युटॅनॉल-पिरिडीन (१५:१), जोरात हलवून सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला ४००० फेऱ्यांवर १० मिनिटं, वरचा गुलाबी थर ५३२ नॅनोमीटरवर. प्रमाणासाठी टेट्रामेथॉक्सीप्रोपेन, आणि तेही याच सगळ्या पायऱ्यांतून गेलेलं. एका हाताने नमुने आणि दुसऱ्या दिवशी प्रमाण असं केलं तर आलेखाला अर्थ राहत नाही.

आता फसण्याच्या जागा. नळी गार झाली की आत पांढरं दही बसल्यासारखं दिसतं. घाबरून ती फेकतात. ते पोटॅशियम आणि एसडीएस यांचं अविद्राव्य मीठ असतं, ब्युटॅनॉलने नीट वेगळं केलं तर वाचनात येत नाही. मात्र काही जण वेळ वाचवायला ब्युटॅनॉलची पायरीच गाळतात आणि सरळ वाचतात, तेव्हा तो गढूळपणाच एमडीए म्हणून छापला जातो. दुसरं, मेंदूतलं रक्त धुतलं नाही तर हिमोग्लोबिनचं लोह तासभर ९५ अंशांवर नवीन खवटणं घडवतं. बर्फाच्या थंड सलाइनने हृदयातून रक्त धुऊन काढा, यकृत फिकट पडलं की झालं समजा, आणि घोटताना १ मिलिला ०.५ मोलर बीएचटी (खवटणं रोखणारं अँटिऑक्सिडंट) १० मायक्रोलिटर घाला. तिसरं, मायटोकाँड्रियासाठी सुक्रोजमध्ये घोटलेला मेंदू यासाठी वापरू नका, साखरही याच आम्लाशी रंग देते.

आणि हळदीच्या अर्काचे नमुने: कर्क्युमिन स्वतः रंगीत आहे. प्रत्येक नमुन्याची थायोबार्बिट्युरिक आम्ल न घातलेली जोडनळी ठेवून तिचं वाचन वजा केल्याशिवाय आकडा लिहू नये. इतकं सांभाळूनही ही चाचणी एकट्या एमडीएची नाही, या आम्लाशी रंग देणाऱ्या सगळ्याच पदार्थांची आहे. प्रबंधात तसंच लिहावं.

वेण्णाथडी
आमच्याकडे ग्लुटाथायोनचे जोडनमुने एकमेकांशी जुळत नाहीत. पहिल्या नळ्या ठीक, शेवटच्या फिक्या. एलमनची पद्धत (डीटीएनबीने येणारा पिवळा रंग मोजायचा), १० टक्के टीसीए (ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल), ०.१ मोलर फॉस्फेट.

अजिंक्यतारा
दोन दोष असणार. टीसीए घालायला उशीर झाला की शेवटच्या नळ्यांतलं ग्लुटाथायोन हवेने ऑक्सिडाइज होतं. घोटलं की लगेच समभाग टीसीए, मग बर्फावर निवांत. आम्लात ते टिकतं. दुसरा दोष बफरचा. गाळ बसल्यावर वर उरलेल्या ०.५ मिलि द्रावात जेवढं टीसीए आहे ते २ मिलि ०.१ मोलर फॉस्फेटची बरीचशी ताकद खातं, पीएच ८ वरून ७ च्याही खाली येतो आणि डीटीएनबीशी अभिक्रिया रेंगाळते. २ मिलि ०.३ मोलर डायसोडियम फॉस्फेट वापरा, नंतर डीटीएनबी ०.२५ मिलि (१ टक्का सायट्रेटमध्ये ०.४ मिलिग्रॅम प्रति मिलि), आणि ४१२ नॅनोमीटरवर ५ मिनिटांच्या आत वाचन. एका नळीत पीएच-पट्टी बुडवून बघा, दोष तिथेच दिसेल.

कोयनाकाठ
नवजात बाळांच्या कक्षातली एक गोष्ट इथे यायलाच हवी, या सगळ्या विज्ञानाचा सगळ्यात स्वस्त उपयोग तिथे झाला. जन्मतः न रडलेल्या बाळाला पूर्वी १०० टक्के प्राणवायू द्यायचे. १९९३ मध्ये दिल्लीतल्या रामजी आणि सहकाऱ्यांनी, मग १९९८ मध्ये मोठ्या बहुराष्ट्रीय चाचणीने दाखवलं की साधी २१ टक्क्यांची हवा पुरते. आता ३५ आठवडे किंवा पुढच्या बाळाला साध्या हवेनेच सुरुवात. यंत्र उजव्या हाताला, आणि घाई नको: पहिल्या मिनिटाला ६०-६५, पाचव्या मिनिटाला ८०-८५ हेच नॉर्मल. पाचव्या मिनिटाला ८२ बघून सिलिंडर उघडणं ही अजूनही होणारी चूक आहे. हात फुग्यावर हवा, छाती वर येते आहे का यावर लक्ष हवं. बाळाला गार करण्याचा उपचार मात्र साधनं नसलेल्या ठिकाणी नको, भारत, श्रीलंका, बांगलादेशात झालेल्या २०२१ च्या चाचणीत त्याने मृत्यू वाढले.

माणगंगा
ताई, हळदीचं राहिलं.

कृष्णाकाठ
हळद पावडरीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के. चमचाभर, म्हणजे ३ ग्रॅम हळदीत ९० मिलिग्रॅम. पोटातून रक्तात त्याचा अगदी थोडा अंश जातो, आणि शरीराच्या पीएचला ते टिकतही नाही. नुसत्या बफरमध्ये ३७ अंशांवर ठेवलं तर अर्ध्या तासात ९० टक्के विघटित होतं. मेंदूत काय पोचणार? १९९८ मध्ये बेंगळुरूच्या अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपेरीन, म्हणजे मिरीतलं तिखट द्रव्य, दिल्यावर शोषण २० पट झालं. म्हणून आता बहुतेक कॅप्सूलमध्ये पिपेरीन असतं. पण पिपेरीन हे साधतं ते औषधं मोडण्याचं यकृताचं काम मंदावून, तेही फक्त कर्क्युमिनपुरतं नाही. डोक्याच्या मारानंतर फिट येऊ नये म्हणून फेनिटॉइन चालू असलेल्या माणसाने ही कॅप्सूल घेतली तर फेनिटॉइनची रक्तातली पातळी चढू शकते. डोळे थरथरतात, चालताना तोल जातो, आणि घरच्यांना वाटतं की मेंदूची इजाच वाढली. माणगंगा, चिठ्ठीवर फेनिटॉइन, कार्बामाझेपीन किंवा रक्त पातळ करणारं काही असेल तर पाकिटाच्या मागची पिपेरीनची ओळ वाचून कॅप्सूल परत ठेवा.

आणि जेवणातली हळद घेताना पिवळ्याधमक पॉलिशला भुलू नका. चकाकीसाठी लेड क्रोमेट चोळल्याचे प्रकार उपखंडात सापडलेले आहेत, आणि शिसं तर मेंदूवर ऑक्सिडेटिव्ह ताण आणणारंच. आख्खं राजापुरी हळकुंड घ्या, ग्लासभर पाण्यात न ढवळता ठेवा. पाण्यात पिवळा रंग भराभर उतरला तर ते वरून लावलेलं आहे. चांगलं असेल तर घरी कुटून दळा.